थंडीत बँटम कोंबड्यांचं खुराडं गच्च बांधू नका

निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पारा चांगलाच उतरतो. बँटम म्हणजे साधारण अर्धा ते एक किलोची कोंबडी. अंग लहान, म्हणून ऊब लवकर जाते. तरी खुराडं प्लास्टिकने गच्च बांधू नका. श्वासाची वाफ आणि विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, पिसं दमट होतात आणि ओली कोंबडीच आधी गारठते. वारा येतो त्या बाजूला बारदान लावा, वर छताजवळ फट राहू द्या. खाली चार बोटं कोरडं भाताचं तूस घाला; ओलं झालं की बदला. संध्याकाळी थोडा भरडलेला मका द्या.

आणि कोळशाची शेगडी आत मुळीच नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो, सकाळी सगळ्या कोंबड्या मेलेल्या सापडू शकतात. पिल्लं असतील तर बल्ब टांगा, पण तुसापासून दूर, तारेने पक्का बांधून.