एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न



आपली मुले इथल्या शाळेत गणितात मागे नाहीत. पण ‘सत्तावन्न’ म्हटले की बरीच जण ७५ लिहितात. इंग्रजीत पन्नास आधी, मराठीत सात आधी. तिथेच घोटाळा होतो. मग आजी फोनवर वय सांगते, भाजीचा भाव सांगते, आणि नातवंडे आईकडे बघतात. पाढ्यांची सक्ती केली की मुले पळतात. म्हणून आम्ही एक संख्या सुचवतो : १४२८५७.

हिला मुलांकडून गुणून घ्या.

दोनने : २८५७१४
तीनने : ४२८५७१
चारने : ५७१४२८
पाचने : ७१४२८५
सहाने : ८५७१४२

अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळी. सातने गुणा, ९९९९९९ !

यात जादू नाही. एकाला सातने भागू लागा. दहात सात एकदा, उरले तीन. तिसात सात चोक अठ्ठावीस, उरले दोन. पुढे बाकी सहा, चार, पाच आणि पुन्हा एक. एक ते सहा या सगळ्या बाक्या एकेकदा येतात आणि भागाकारात १४२८५७ हेच अंक फिरत राहतात. दोनाला सातने भागले तर याच फेऱ्यात आपण ‘बाकी दोन’पासून शिरतो, म्हणून २८५७१४.

आता या सहाही संख्या मराठीत मोठ्याने वाचा. ‘एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न’, ‘आठ लाख सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस’. सहा संख्यांत अवघड शब्द सहाच : बेचाळीस-सत्तावन्न, चौदा-पंच्याऐंशी, अठ्ठावीस-एकाहत्तर. प्रत्येक जोडीची बेरीज नव्याण्णव ! हे सहा तोंडी बसले की एकक आधी बोलायची मराठी रीत मुलांच्या आपोआप लक्षात येते.

हिचे आपल्याकडचे नातेही सांगण्यासारखे आहे. डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळामास्तर होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्या त्यांनी हुडकल्या, आणि जगभर त्या ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले. आपली संख्याही त्यांतलीच : वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे १४२८५७.

मुलांसाठी एक कोडे : आठने गुणल्यावर येणाऱ्या उत्तरात मूळ संख्या कुठे लपली आहे ? उत्तर मात्र मराठीत सांगायचे, आणि जमल्यास आजीला फोनवर.