‘ते लोक असेच असतात’ : वंशभेद, विषमता आणि सरकारचे काम

सातवीच्या नागरिकशास्त्रात समानतेच्या हक्काचा पाठ आहे. पाठ सोपा आहे. कायद्यापुढे सर्व समान, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही. मुलं हे पाच शब्द तोंडपाठ करतात. त्यातला ‘वंश’ हा शब्द मात्र नुसताच पाठ होतो. त्याचा अर्थ कळावा म्हणून मी अमेरिकेचं उदाहरण देते आणि शेवटी एक स्वमताचा प्रश्न घालते : कायदा समान असूनही अमेरिकेत विषमता का आहे?

एका मुलीचं उत्तर असं होतं. अमेरिकेत आता सर्वांना समान हक्क आहेत. तरी काळे लोक गरीब आहेत कारण ते शिक्षणाकडे लक्ष देत नाहीत. आपले भारतीय तिथे जाऊन श्रीमंत होतात कारण ते हुशार आणि मेहनती असतात. सरकारने कोणाला जास्त कोणाला कमी न देता सर्वांना सारखेच द्यावे.

उत्तर चार ओळींचं, पण मुद्देसूद. असं बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं. म्हणून लाल पेनाने काट न मारता त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलायला हवं.

आधी शब्दांचं बघू. जुन्या मराठी पुस्तकांत ‘निग्रो’ हा शब्द सर्रास सापडतो. आज तो अपमानकारक मानला जातो. वर्गात ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ म्हणावं. दुसरा शब्द स्टिरिओटाइप. मुलांना मी साच्याचं उदाहरण देते. पेणला एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, सगळे सारखे. मूर्तीचं ते चालतं. माणसांचा एक मोठा गट घ्यायचा, त्याला डोक्यातल्या साच्यात घालायचं आणि प्रत्येकजण तसाच निघेल असं धरून चालायचं, म्हणजे साचेबंद समजूत. ‘ते आळशी’, ‘हे हुशार’, ‘त्या लोकांपासून जपून’. कौतुकाचा साचासुद्धा साचाच असतो बरं का.

आता पहिला दावा, ‘ते शिक्षणाकडे लक्ष देत नाहीत’. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. म्हणजे शिकू द्यायचं नाही असं सरकारनेच ठरवलं होतं. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. (आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. हे मुलांना सांगाच, त्यांना फार आवडतं.) पण १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला. शाळा वेगळ्या झाल्या, समान कधीच झाल्या नाहीत. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला मोडकी इमारत आणि गोऱ्यांच्या शाळेतून टाकून दिलेली पुस्तकं, असं अनेक ठिकाणी होतं.

तरी लोकांनी शाळा सोडली नाही. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी लिंडा ब्राउन ही तिसरीतली मुलगी होती. घराजवळची शाळा गोऱ्या मुलांची, म्हणून तिला लांबच्या शाळेत जावं लागे. तिच्या वडिलांसह अनेक पालक कोर्टात गेले. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. या खटल्यात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोगही मांडला गेला होता. बाहुल्या सारख्याच, फक्त रंग वेगळा. कृष्णवर्णीय लहान मुलांना विचारलं, छान बाहुली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुतेकांनी छान म्हणून गोरी बाहुली उचलली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली. साचा इतरांच्या डोक्यात असतो तसा तो ज्याच्यावर लादलाय त्याच्याही मनात उतरतो, तो असा.

निकाल लागला म्हणून शाळेचं दार उघडलं नाही. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सला सहा वर्षांची रूबी ब्रिजेस गोऱ्यांच्या शाळेत पहिलीला गेली, ती केंद्र सरकारच्या मार्शल लोकांच्या पहाऱ्यात. बाहेर जमाव ओरडत होता. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर वर्गात एकट्या रूबीला शिकवलं. आता सांगा, शिक्षणाकडे लक्ष कोणाचं नव्हतं?

पण मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, हे जुनं झालं. आता तर कायदा आहे ना? हा प्रश्न बरोबर आहे आणि खरी मेख इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त वेळ द्यावा.

१९३० च्या दशकात मंदी होती. लोकांची घरं वाचावीत म्हणून अमेरिकन सरकारने गृहकर्जाच्या योजना आणल्या. त्यासाठी १९३३ मध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार केले. चांगल्या वस्त्या हिरव्या, मग निळ्या, मग पिवळ्या, आणि ‘धोकादायक’ वस्त्या लाल. कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती बहुतेक वेळा लाल. १९३४ पासून गृहकर्जाला सरकारी हमी मिळू लागली, ती हमीही अशा वस्त्यांना नाकारली जाई. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये शिक्षण आणि घरासाठी मोठी योजना आली. कागदावर ती सर्वांना होती. पण अंमलबजावणी स्थानिक अधिकारी आणि बँकांच्या हातात, त्यामुळे बरेच कृष्णवर्णीय सैनिक बाहेरच राहिले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुतांश कृष्णवर्णीय तेव्हा हीच कामं करत.

घर नसलं तर काय एवढं, असं मुलांना वाटतं. त्यांना साखळी करून दाखवा. आजोबांना कर्ज मिळालं, घर झालं. घराची किंमत वाढली. त्यावर मुलाचं कॉलेज झालं. नातवाला घर आणि शिल्लक दोन्ही मिळालं. दुसऱ्या आजोबांनी तेवढीच मेहनत केली, पण भाड्याच्या खोलीत. नातवाला काय मिळालं? घर विकता-घेताना, भाड्याने देताना वंशभेद करायचा नाही असा कायदा १९६८ मध्ये झाला, तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. सहापटीहून जास्त फरक. यातला बराचसा आजोबांपासून आलेला आहे.

आणि शाळा? तिथे शाळांचा जवळजवळ निम्मा पैसा स्थानिक पातळीवरून येतो, मुख्यतः घरपट्टीतून. आपल्या मुलांना असं सांगा : समजा आपल्या शाळेचा खर्च आणि शिक्षकांचा पगार गावाच्या घरपट्टीतून व्हायचा असता. बंगल्यांच्या गावाला किती शिक्षक मिळाले असते आणि वाडीवरच्या शाळेला किती? आमच्या वर्गात एकजण पटकन म्हणाला, “आपल्याला तर तुम्ही पण मिळाल्या नसत्या.” टेक्सासमधल्या पालकांनी याविरुद्ध खटला केला होता. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले.

आता तिचं दुसरं वाक्य, ‘आपले भारतीय हुशार आणि मेहनती’. हे वाक्य ऐकायला गोड लागतं म्हणून ते तपासायचं राहून जातं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं, कारण ते ‘गोरे’ नाहीत. त्यानंतर इतर अनेक भारतीयांना मिळालेलं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला फक्त १०० भारतीयांसाठी. मग १९६५ चा कायदा आला. त्यात नातेवाइकांना आणि शिकलेल्या, कुशल लोकांना जागा होती. अमेरिकेत तेव्हा आपले नातेवाईक फारसे नव्हतेच, त्यामुळे सुरुवातीला डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञच जास्त गेले. न्यू जर्सीतलं मराठी मंडळ बघितलं तर तिथे पुण्या-मुंबईच्या कॉलेजातून पास झालेले बरेच भेटतील. आपल्या तालुक्यातला ऊसतोड मजूर तिथे का दिसत नाही? तो कमी मेहनती आहे का? चाळणी लावून माणसं घेतली आणि मग म्हणायचं, बघा हा देशच हुशार! ती चाळणीही सरकारनेच लावलेली. शिवाय ‘भारतीय मुलगा म्हणजे गणितात पुढे’ या साच्याचा त्रास तिथल्या मराठी मुलांनाही होतो, ज्याला गणित जमत नाही त्याला जास्त.

राहिलं शेवटचं, ‘सर्वांना सारखेच द्यावे’. हे मत चुकीचं म्हणून खोडू नका, कारण यावर अमेरिकेतही एकमत नाही. थॉमस सॉवेल हे स्वतः कृष्णवर्णीय असलेले अर्थतज्ज्ञ. ते म्हणतात की सरकारी मदतीने पुष्कळदा नुकसानच होतं आणि प्रत्येक फरकाला भेदभाव कारण नसतो. दुसरी बाजू म्हणते, ज्या सरकारने नकाशावर लाल रंग भरला त्यानेच तो पुसायलाही हवा. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. आपल्या संविधानाने वेगळी वाट घेतली. समानतेचा हक्क देतानाच मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करायची मुभा कलम १५(४) मध्ये आहे, ती १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली. (वंश आणि जात एकच नव्हेत, हे मात्र मुलांना आवर्जून सांगा.) माझं स्वतःचं मत विशेष तरतुदीच्या बाजूने आहे, ते मी वर्गात शेवटी सांगते, आधी नाही. मुलीने ‘सारखेच द्यावे’ लिहिलं तर पूर्ण गुण. फक्त ‘आधी सगळं सारखंच होतं’ असं धरून लिहिलं तर विचारायचं, हे कशावरून?

एक सूचना. आयोवातल्या जेन एलियट या तिसरीच्या शिक्षिकेचा प्रयोग बऱ्याच जणांनी वाचला असेल. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी या बाईंनी वर्गातल्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एका गटाला हुशार म्हटलं, दुसऱ्याला कमी. नंतर अदलाबदल केली. ‘कमी’ ठरलेली मुलं काही तासांतच अभ्यासात मागे पडली. प्रयोग गाजला, त्यावर टीकाही झाली. आपल्या वर्गात तो करू नये असं मला वाटतं. आपल्या काही मुलांना हा अनुभव गावात फुकट मिळतो, वर्गात पुन्हा कशाला द्यायचा?

त्याऐवजी हे करा. मुलांना आठवडाभर वहीत अशी वाक्यं टिपायला सांगा ज्यात ‘ते लोक’ किंवा ‘त्यांच्यातले’ हे शब्द येतात. घरी, एसटीत, टीव्हीवर, पारावर, कुठेही. कोण बोललं त्याचं नाव लिहायचं नाही. शनिवारी वाक्यं फळ्यावर घ्या आणि प्रत्येकासमोर दोनच प्रश्न लिहा : असे किती जण तुला स्वतःला माहीत आहेत? आणि तसं असेल तर त्यामागे कोणता नियम, कोणता कायदा किंवा कोणाचा निर्णय असू शकेल? दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. दोन तासिका जोडून घ्या.