रिकाम्या पुंगळीचा पुनर्जन्म

हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूकवाल्यांनी १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काडतूस आणलं. आफ्रिकेतले शिकारी आजही ते वापरतात आणि अनेकजण घरीच भरतात.

बार उडाला की गोळी, दारू आणि ठिणगी देणारा प्राइमर खर्ची पडतात. उरते ती पितळी पुंगळी. ती फुगलेली असते, म्हणून साच्यात दाबून मूळ मापावर आणायची. वाढलेली मान कापायची. पण पितळ दर खेपेला कडक होतं, मान तडकते. या काडतुसाच्या बुडाशी कडं असतं. त्याच्या जरा वर पुंगळी ताणून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. अनुभवी माणूस वाकवलेली तार आत घालून त्या पातळ जागेची खाच चाचपतो. कंजूषपणा इथे नको.

पुंगळीचा लांब, निमुळता आकार कॉर्डाइटसाठी होता. ही दारू शेवयांसारख्या काड्यांची असे.

दारूचं आणि गोळीचं वजन ग्रेनमध्ये. पौंडात ७,००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सोनाराची साधारण अर्धी गुंज.

भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.

आणि एक गंमत. प्राइमरच्या दोन पद्धती बॉक्सर आणि बर्डन यांच्या नावाने ओळखल्या जातात. बॉक्सर हा इंग्रज, बर्डन अमेरिकन. पण मधोमध एकच छिद्र असलेली, सुईने सहज ढकलून काढता येणारी बॉक्सरची प्राइमर-पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. अमेरिकेत घरगुती भरणी फोफावली, त्याचं बरंचसं श्रेय या अदलाबदलीला.