भाद्रपदातला माळ आणि गोल्फचे मैदान

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. गोल्फ तिथे आता कोणी खेळत नाही. रणजीचे सामने होतात, आणि कडेच्या ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची वर्दळ असते. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाचे नाव साहेबाच्या खेळाच्या माळाला मिळावे, यातली गंमत वेगळी सांगायला नको. खेळ गेला, तरी त्या खेळाने जमिनीची जी वाटणी रूढ केली ती समजून घेण्याजोगी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस शहरातल्या कुठल्याही मैदानावर काय उगवते आणि काय तगते, याचे बरेचसे उत्तर तिच्यात सापडते.

अठरा होलांच्या गोल्फ मैदानाला शंभर-दीडशे एकर जागा लागते. त्यातली ‘ग्रीन’ म्हणजे खळग्याभोवतीची हिरवळ तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापलेली असते. ‘फेअरवे’चा पट्टा थोडा उंच राखतात. उरलेल्या ‘रफ’मध्ये चेंडू गेला की खेळाडू हळहळतो, आणि रानफुले, किडे, पाखरे राहतात ती नेमकी तिथेच. यंत्र तिथे क्वचित फिरते, एवढेच त्याचे कारण.

आखूड कापलेल्या हिरवळीचे गवत नाशिककरांच्या चांगल्याच ओळखीचे आहे. जगभरच्या उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून जे लावतात, ती आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहायची दूर्वा. शेतकरी तिला शिव्या घालतो, कारण नांगरली तरी तिच्या तुटलेल्या प्रत्येक कांडीला पुन्हा मुळे फुटतात. हाच गुण मैदानाच्या कामी येतो. तिच्या वाढीचे डोळे जमिनीलगत असतात. वरचे पाते कापले तरी खालचे खोड पसरतच राहते. ग्रीनसाठी वापरतात ते तिचे आफ्रिकी भावंडाशी झालेले संकर वांझ असतात. त्यांना बी धरत नाही, म्हणून कांड्याच लावाव्या लागतात.

युरोपात उन्हाळा उतरणीला लागतो ते ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस आपल्याकडे भाद्रपदाचे. नाशिक घाटमाथ्याच्या पूर्वेला असल्याने शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला इगतपुरीकडे तो तीन हजारांच्या पुढे जातो. त्यामुळे त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की तासाभराच्या आत फुलांचा संसार बदलतो. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या उतारांवर सोनकीचे पिवळे पट्टे दिसतात. शहराच्या मुरमाड मोकळ्या जागांवर कुर्डू, टाकळा, केना आणि विष्णुक्रांता. तेरडा दोन्हीकडे भेटतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एकेका फुलाला लागू पडते, रोपाला नाही. ते कित्येक दिवस फुलत राहते. त्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते, साली आत वळतात आणि बिया हातभर लांब उडतात.

यंत्रापुढे सगळ्यांचे नशीब सारखे नसते. कुर्डू आणि तेरडा बी धरण्याआधी कापले गेले तर पुढच्या वर्षाची बेगमी बुडते. केन्याचे तसे नाही. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान. पण हलक्या हाताने रोप उपटून पाहिले तर मातीखालच्या फिकट फांद्यांवरही कळ्या आढळतात. त्या कधी उमलतच नाहीत. आतल्या आत परागण होऊन तिथेच बी तयार होते. वरचे सारे छाटले तरी केना पुढच्या पावसात हजर असतो.

याच पट्ट्यातली सर्वांत नाजूक वनस्पती म्हणजे अंजनेरीचे कंदीलपुष्प, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. त्याचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याला डोंगराचेच नाव देण्यात आले. कंदीलपुष्पांची नळी आतून केसाळ असते. वासाने ओढली गेलेली चिमुकली माशी आत उतरते, पण केस खाली वळलेले असल्याने तिला वर येता येत नाही. परागण झाल्यावर केस कोमेजतात आणि तिची सुटका होते. अशी फुले गवतातच वाढतात. गवत गेले की तीही गेली.

मैदानावरच्या प्राण्यांत टिटवीचा मान पहिला. ती घरटे बांधतच नाही. खड्यांतल्या उथळ खळगीत ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मुरमात असा मिसळतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. कडक उन्हात ती पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. भाद्रपदापर्यंत पिले मोठी झालेली असतात, त्यामुळे उशिरा होणाऱ्या कापणीचा तिला फारसा त्रास नाही. एप्रिल-मेमध्ये मैदानावर रोलर फिरवणे मात्र तिला महागात पडते.

उन्हे पडू लागली की गवतावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. पावसाळी डबक्यांत अंड्यापासून पंखांपर्यंतचा त्यांचा प्रवास दीड-दोन महिन्यांत उरकतो, कारण डबके आटण्यापूर्वी निघणे भागच असते. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये असे मांडले की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. टाकळ्याच्या पानांवर ‘मॉटल्ड एमिग्रंट’ फुलपाखराच्या हिरव्या अळ्या असतात. तण म्हणून टाकळा उपटला की त्याही जातात.

गाजर गवताची गोष्ट निराळी. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे मेक्सिकोकडचे तण आता नाशिकच्या प्रत्येक पडीक प्लॉटवर आहे. त्याच्या मुळा-पानांतली द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. न कापलेली प्रत्येक जागा आपोआप रानफुलांची होते असे म्हणूनच धरून चालत नाही. गाजर गवत फुलण्याआधी हाताने उपटणे हा उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा.

आश्विनात कुसळी गवत पिकते. त्याच्या बीला पीळ असलेली लांब शेपटी असते. दवाने ती उलगडते, उन्हाने पुन्हा पिळली जाते, आणि टोकदार बी गिरमिटासारखे मातीत शिरते. जनावरांच्या तोंडाला आणि माणसांच्या पायजम्याला तेच बी टोचते, म्हणून कापणीची घाई होते. घटस्थापनेच्या आधी सरसकट कापले तर बहुतेक फुले बी न टाकताच संपतात. दिवाळीनंतर कापले तर वाळके गवत वणव्याला आयते मिळते. मधला मार्ग गोल्फवाल्यांनीच काढला आहे. अमेरिकेत ‘ऑड्युबॉन इंटरनॅशनल’च्या १९९१ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मैदाने खेळाबाहेरची जागा पट्ट्यापट्ट्याने राखतात आणि खतांचा, कीटकनाशकांचा वापर मोजूनमापून करतात. क्रिकेटच्या मैदानाला सीमारेषेपलीकडे एवढी जागा नसते, तरी कुंपणालगतचा हातभर रुंदीचा पट्टा बी पडेपर्यंत सोडता येतो. आखूड हिरवळही वाया जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालयाकडून उतरणारे धोबी पक्षी उघड्या, कापलेल्या गवतावरच किडे टिपतात.