ब्रूटसने कॅशियसचे किती वेळा ऐकले नाही?

साहित्याचा पेपर म्हणजे पाठांतराचा पेपर, असा आपल्या डॉर्मिटरीत पक्का समज आहे. गाइडमधला सारांश आणि प्रत्येक पात्राचे पाच मुद्दे घोकले की झाले! सुट्टीत ताईच्या बी.ए.च्या परीक्षेची तयारी जवळून पाहिली, तेव्हा वेगळी रीत कळली. तिला शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ होते. गाइड मिटून तिने एकच प्रश्न घेतला, ‘ब्रूटस का हरतो?’, आणि त्यासाठी सगळे नाटक पुन्हा वाचले. लढाईचा भाग सैनिकी शाळेतला म्हणून माझ्याकडे आला.

वहीच्या पानावर चार रकाने आखले : अंक व प्रवेश, कॅशियसचा सल्ला, ब्रूटसचा निर्णय, परिणाम. दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात तीन नोंदी झाल्या. कॅशियस म्हणतो, शपथ घेऊ. ब्रूटस म्हणतो, गरज नाही. सिसेरोला सोबत घेऊ; नको. सीझरबरोबर अँटनीलाही मारू. नको, उगाच रक्तपात दिसेल. (त्याच प्रवेशात प्राचीन रोममध्ये घड्याळाचे ठोके पडतात. मजेशीर आहे, पण त्याला गुण नाहीत.)

तिसऱ्या अंकात सीझरचा खून झाल्यावर अँटनी भाषणाची परवानगी मागतो. कॅशियस ब्रूटसला बाजूला घेऊन सावध करतो, तरी ब्रूटस होकार देतो. इथे ताईने मला दोन्ही भाषणे मोठ्याने वाचायला लावली. ब्रूटस गद्यात बोलतो, कारणे देतो आणि लोकांना थांबायला सांगून स्वतः निघून जातो. म्हणजे चौकी सोडून जातो! अँटनी पद्यात बोलतो, सीझरचा फाटका झगा दाखवतो, मृत्युपत्र वाचतो. कानांनी ऐकल्याशिवाय हा फरक कळत नाही.

चौथ्या अंकात पाचवी नोंद. कॅशियसचे मत असे की शत्रूला आपल्याकडे येऊ द्यावे. चालून तो थकेल, आपण ताजे राहू. ब्रूटस फिलिप्पायवर चाल करून जायचे ठरवतो. पाचव्या अंकात लढाई सुरू झाल्यावर कळते की त्याने हल्ल्याचा हुकूमही वेळेआधी दिला.

एवढ्या एका पानावर ब्रूटसचा स्वभाव, कॅशियसची भूमिका, भाषणांची तुलना, असे बरेच प्रश्न सुटतात. शिवाय उत्तरात प्रत्येक विधानामागे अंक-प्रवेशाचा पुरावा देता येतो. पान भरले की नवे प्रश्नही सुचतात. कॅशियस दर वेळी माघार का घेतो? कारण लोकांच्या मनात मान ब्रूटसला आहे, आणि त्याच्या नावाशिवाय कट म्हणजे नुसता खून. हे पहिल्या अंकातच कास्का सांगून ठेवतो.

फिलिप्पायवरून मात्र आमचा वाद झाला. ताई ब्रूटसला अव्यवहारी ठरवत होती. मी म्हटले, त्याचे म्हणणे नीट वाच. वाटेतले लोक मनाविरुद्ध आपल्या बाजूला आहेत, शत्रू आला तर त्यांना सैन्यात ओढून घेईल. शिवाय आपले बळ आज पूर्ण आहे, उद्या घटेल. कोणताही सेनापती हा विचार करील. मग ताईने पट्टी घेतली आणि पाचवा रकाना आखला : ‘ब्रूटसचे कारण’. तो भरायला आम्हांला आणखी दोन दिवस लागले.