गेमचा आवाज वायरलेस स्पीकरवर आणायचा तर

आमच्या शहरातल्या औरंगपुरा, गुलमंडी या भागांतल्या जुन्या घरांत बैठकीची खोली बेताचीच असते आणि टीव्ही भिंतीला चिकटलेला. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागा उरलेली नाही. बहुतेकदा ते खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून बसवलेले असतात. त्यामुळे गेममधला गाडीचा आवाज, मैदानातला गलका, सगळं दबकं येतं. घरात एक दणदणीत ब्लूटूथ स्पीकर असतो, फोनवरची गाणी त्यावर छान वाजतात. सुट्टीत मुलं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बाहेर काढतात आणि तो स्पीकर जोडायला बघतात. पण कन्सोलला स्पीकर दिसत नाही, किंवा दिसला तरी जोडला जात नाही.

अशा वेळी स्पीकर बिघडलेला नसतो आणि कन्सोलही नाही. हे काम जमतं, फार खर्चाचंही नाही. मात्र आधी बाजारात जाऊन काहीतरी आणायचं आणि मग ते कुठे बसतं ते बघायचं, असं केलं की पैसे वाया जातात. म्हणून सुरुवात घरातल्या वस्तू पाहण्यापासून करू.

आधी आपला कन्सोल कोणता ते पाहा. प्लेस्टेशन 4 (2013) आणि प्लेस्टेशन 5 (भारतात फेब्रुवारी 2021 पासून) या दोन्हींत ब्लूटूथ आहे, पण ते कंट्रोलरसारख्या उपकरणांसाठी. स्पीकरला आणि हेडफोनला आवाज पाठवण्याची ब्लूटूथची जी ठरलेली पद्धत आहे, ती सोनीने या कन्सोलांत दिलेली नाही. त्यामुळे फोनशी एका झटक्यात जुळणारा स्पीकर इथे जुळत नाही. सेटिंग्जमध्ये कितीही शोधलं तरी त्यासाठी बटण सापडणार नाही.

एक्सबॉक्स वन, सिरीज एस आणि सिरीज एक्स हे कंट्रोलरशी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या रेडिओ पद्धतीने बोलतात, त्यामुळे तिथेही ब्लूटूथ स्पीकर जुळत नाही. एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरच्या खोक्यावर ब्लूटूथची खूण दिसते, तिथे पुष्कळांची फसगत होते. ती सोय कंट्रोलर फोनला किंवा संगणकाला जोडण्यासाठी आहे, कन्सोलला स्पीकर जोडण्यासाठी नाही.

निन्टेन्डो स्विच आपल्याकडे बहुधा परदेशातल्या मामा-काकांनी आणलेला असतो. तो असेल तर आपलं काम सर्वांत सोपं. 2017 मध्ये हा कन्सोल आला तेव्हा ही सोय नव्हती. सप्टेंबर 2021 च्या अपडेटमध्ये ती आली. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ ऑडिओ’ उघडायचं, स्पीकर जोडणीसाठी तयार ठेवायचा आणि यादीत त्याचं नाव आलं की निवडायचं. अट एवढीच, की असा आवाज चालू असताना दोनच वायरलेस कंट्रोलर चालतात. चौघांनी मिळून खेळायचं असेल तर स्पीकर वायरने जोडा.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांसाठी पुढची पायरी म्हणजे टीव्हीची मागची बाजू. कन्सोलमधून चित्र आणि आवाज दोन्ही एकाच एचडीएमआय वायरने टीव्हीत जातात. म्हणजे आवाज टीव्हीपर्यंत आलेलाच आहे, तो तिथून बाहेर काढायचा आहे. टीव्ही भिंतीवर असेल तर मोबाइल मागे सरकवून, फ्लॅश लावून दोन-तीन फोटो काढा आणि फोटोत चार गोष्टी शोधा: हेडफोनचं गोल बारीक भोक, लाल-पांढरी गोल सॉकेटं, ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं चौकोनी झाकणाचं भोक आणि एखाद्या एचडीएमआय पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ अशी अक्षरं. लाल-पांढऱ्या सॉकेटांवर ‘आउट’ लिहिलेलं असायला हवं. ‘इन’ असेल तर ती आवाज आत घेण्याची आहेत, आपल्या उपयोगाची नाहीत. हे फोटो फोनमध्ये राहू द्या, दुकानात लागतील.

आता टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जा. आपला टीव्ही स्मार्ट असेल तर त्यात ब्लूटूथ असण्याची शक्यता बरीच आहे. अँड्रॉइड टीव्हीत ते ‘रिमोट अँड अ‍ॅक्सेसरीज’ या नावाखाली मिळतं, इतर टीव्हींत ‘साउंड आउटपुट’मध्ये. तिथे स्पीकर जोडला गेला तर एक पैसाही खर्च न करता गेमचा आवाज स्पीकरवर येईल. काही टीव्हींत मात्र ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं असतं. साउंड आउटपुटच्या यादीत ब्लूटूथ स्पीकरचा पर्यायच नसेल, तर आपला टीव्ही त्यातला आहे असं समजा.

टीव्हीत सोय नसेल तर एक छोटा डबा लागतो: ब्लूटूथ ट्रान्समीटर. तो टीव्हीतला आवाज वायरने घेतो आणि रेडिओलहरींनी स्पीकरकडे पाठवतो. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे जरा सावकाश पाहू.

पैठण गेटच्या बाजूला मोबाइलच्या सामानाच्या दुकानात आपण ‘ब्लूटूथ डोंगल द्या’ म्हटलं, तर बहुतेक वेळा हातात रिसीव्हर पडतो. रिसीव्हर म्हणजे आवाज घेणारा. गाडीतल्या जुन्या टेपला फोनवरची गाणी ऐकवण्यासाठी लोक तो नेतात, म्हणून त्याचाच खप मोठा. आपल्याला हवा आहे आवाज पाठवणारा. दिसायला दोन्ही सारखेच, बोटाच्या पेराएवढे, काळे. म्हणून दुकानात शब्द नेमका वापरा: ‘टीव्हीला लावायचा ट्रान्समीटर’.

काही डबे दोन्ही कामं करतात. त्यांच्या कडेला नखाने सरकवायचं एक इवलंसं बटण असतं. एका टोकाला इंग्रजीत ‘टीएक्स’, दुसऱ्या टोकाला ‘आरएक्स’. आपल्याला टीएक्स हवं. बऱ्याच डब्यांत हे बटण चालू असताना सरकवलं तर फरक पडत नाही; डबा बंद करून, बटण सरकवून, पुन्हा चालू करावा लागतो. बटण चुकीच्या बाजूला राहिल्यामुळे ‘खराब निघाला’ म्हणून चांगला डबा परत केला जातो.

तिसरी एक वस्तू या गोंधळात भर घालते: संगणकाला ब्लूटूथ देणारा छोटा यूएसबी डोंगल. तो प्लेस्टेशनच्या यूएसबीत घातला तर काहीही होत नाही, कारण त्याला चालवणारं सॉफ्टवेअर कन्सोलमध्ये नाही. प्लेस्टेशनच्या यूएसबीत चालणारे ऑडिओ ट्रान्समीटर वेगळे. कन्सोलला ते साध्या यूएसबी हेडफोनसारखे वाटतात, म्हणून चालतात. त्यांच्या खोक्यावर ‘पीएस4’ किंवा ‘पीएस5’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं नसेल तर घेऊ नका. एक्सबॉक्ससाठी मात्र हा मार्ग धरू नका. टीव्हीतून आवाज काढणंच बरं.

ट्रान्समीटर आणला की तो टीव्हीला जोडा. हेडफोनच्या भोकात जोडणं सर्वांत सोपं, शिवाय आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करता येतो. ऑप्टिकल म्हणजे प्रकाशाने आवाज नेणारी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूची वायर. तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायला विसरू नका. ती एकाच बाजूने बसते, जोर लावू नका, आणि तिला काटकोनात दुमडू नका. टीव्ही चालू असताना तिच्या मोकळ्या टोकाशी लाल उजेड दिसला, तर टीव्हीतून आवाज निघतो आहे असं समजा.

ऑप्टिकलने जोडल्यावर स्पीकर मुका राहिला किंवा नुसती खरखर आली, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ शोधून ते ‘पीसीएम’ करा. पीसीएम म्हणजे कुठलीही घडी न घातलेला, दाबून लहान न केलेला साधा दोन बाजूंचा आवाज. टीव्ही एरवी डॉल्बीच्या स्वरूपात आवाज पाठवत असतो आणि स्वस्तातल्या ट्रान्समीटरला ती घडी उलगडता येत नाही. एवढी एक ओळ बदलली की बहुतेक तक्रारी संपतात.

यानंतर जोडी जमवणं, म्हणजे पेअरिंग. ट्रान्समीटरला पडदा नसतो, स्पीकरलाही नसतो. दोघांनी एकमेकांना आपणहून शोधायचं असतं. म्हणून घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ आधी बंद करा. स्पीकर चालू झाला की आधी ओळखीच्या फोनकडे धावतो आणि ट्रान्समीटर ताटकळत राहतो. दाटीच्या वस्तीत शेजारच्या घरातला फोन पूर्वी कधी जोडलेला असेल, तर भिंतीपलीकडून तोही पकडला जातो.

दोन्ही वस्तू हातभर अंतरावर ठेवा. स्पीकरवरचं ब्लूटूथचं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा, मग ट्रान्समीटरचंही तसंच करा आणि मिनिटभर थांबा. दिवे स्थिर झाले की जोडी जमली. मध्येच पुन्हा पुन्हा बटणं दाबू नका, त्याने शोध पहिल्यापासून सुरू होतो. आवाज आला की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंग्जमध्ये बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल.

इथवर आलं की बहुतेकांना काम झालं असं वाटतं. मग क्रिकेटचा गेम लावला जातो. पडद्यावर चेंडू बॅटला लागतो, सीमारेषेकडे निघतो, आणि ‘टक’ हा आवाज त्यानंतर येतो.

हा उशीर डब्यातला दोष नाही. आवाजाची घडी घालायची, लहरींनी पाठवायची, स्पीकरमध्ये थोडा साठवायचा आणि उलगडायचा, यात साध्या ब्लूटूथला साधारण 100 ते 250 मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गेममध्ये सेकंदाला 60 चित्रं सरकत असतील, तर 200 मिलिसेकंदांत 12 चित्रं पुढे निघून गेलेली असतात.

मग चित्रपट पाहताना हा उशीर का जाणवत नाही? कारण तिथे टीव्ही किंवा फोन चित्रच तेवढं थांबवून दाखवू शकतो. पुढचं सगळं आधीच ठरलेलं असतं. गेममध्ये चित्र थांबवता येत नाही, ते आपल्या बोटाची वाट पाहत असतं. म्हणून ज्या स्पीकरवर सिनेमा सुरेख चालतो, त्याच स्पीकरवर गेम लंगडतो.

यावर दोन चुकीचे उपाय केले जातात. टीव्हीत ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ अशी पट्टी असते, लोक ती पुढे सरकवतात. बऱ्याच टीव्हींत ती आवाज आणखी उशिरा पाठवते, म्हणजे रोग वाढतो. ती शून्यावर ठेवा. दुसरे लोक टीव्हीचा ‘गेम मोड’ बंद करतात. त्याने चित्र मागे पडतं आणि आवाजाशी जुळल्यासारखं वाटतं, पण बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. गेम मोड चालूच असू द्या.

उशीर खरोखर कमी करणारी ब्लूटूथची पद्धत आहे, ‘एपीटीएक्स लो लेटन्सी’. तिच्यात उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि तेवढा बहुतेकांना कळत नाही. पण ती ट्रान्समीटर आणि स्पीकर दोघांतही असावी लागते. नुसत्या ट्रान्समीटरच्या खोक्यावर हे शब्द पाहून जास्त पैसे देऊ नका. आपल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात तेच शब्द आहेत का ते आधी वाचा. नसतील तर जोडी साध्या पद्धतीवरच चालणार.

माझं स्पष्ट मत असं, की कोडी, पत्ते, गोष्टीचे संथ गेम यांसाठी ब्लूटूथ पुरेसं आहे. क्रिकेट, फुटबॉल, गाड्यांची शर्यत, मारामारी यांसाठी स्पीकरला वायर लावा. वायरलेस स्पीकर वायरने जोडण्यात काही कमीपणा नाही. त्याच्या मागे रबरी झाकणाखाली ‘ऑक्स’ लिहिलेलं गोल भोक असतं का पाहा. बऱ्याच स्पीकरना ते असतं. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून त्यात दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली साधी वायर घाला आणि स्पीकरवर ‘ऑक्स’ निवडा. उशीर संपला.

टीव्हीला हेडफोनचं भोक नसेल तरी मार्ग आहे. प्लेस्टेशन 4, प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सचे नवे कंट्रोलर, सगळ्यांना खालच्या कडेला हेडफोनचं भोक असतं. तिथून स्पीकरला ऑक्स वायर जोडा. प्लेस्टेशन 4 मध्ये ‘डिव्हाइसेस’, मग ‘ऑडिओ डिव्हाइसेस’मध्ये जाऊन हेडफोनला ‘ऑल ऑडिओ’ द्या, नाहीतर फक्त बोलण्याचा आवाज येईल. प्लेस्टेशन 5 मध्ये ‘साउंड’खाली ‘ऑडिओ आउटपुट’ पाहा. कंट्रोलरला वायर लटकलेली राहते आणि त्याची बॅटरी लवकर उतरते, पण आवाज वेळेवर येतो.

घरात साउंडबार असेल तर त्याला ब्लूटूथने जोडूच नका. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातून साउंडबारच्या तशाच पोर्टात एचडीएमआय वायर लावा आणि टीव्हीत ‘सीईसी’ चालू करा. उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची ती सोय आहे. अनेक टीव्हींत तिच्याशिवाय एआरसी जागं होत नाही.

जुना प्लेस्टेशन 2 अजून चालू असेल तर त्याच्या वायरीची लाल-पांढरी टोकं सरळ ट्रान्समीटरला किंवा होम थिएटरला लावता येतात; पिवळं टोक टीव्हीत राहू द्या.

जोडी जमल्यावरही आवाज तुटत असेल तर ब्लूटूथ, कंट्रोलर आणि बहुतेकदा घरचं वायफायही, हे सगळे एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात, हे ध्यानात घ्या. वायफायचा राउटर टीव्हीमागे असेल तर तो दुसऱ्या कोपऱ्यात न्या. ट्रान्समीटर टीव्हीच्या धातूच्या पाठीला चिकटून लोंबकळत असेल तर छोट्या वायरीने त्याला बाजूला आणा. स्पीकर त्याच खोलीत ठेवा. माहितीपत्रकातलं 10 मीटरचं अंतर मोकळ्या जागेतलं असतं. जुन्या वाड्याची जाड भिंत किंवा लोखंडी कपाट मध्ये आलं की ते बरंच घटतं.

लाइट जाऊन आल्यावर जोडी आपोआप जमली नाही तर आधी स्पीकर चालू करा, मग टीव्ही. ट्रान्समीटर बहुधा टीव्हीच्या यूएसबीवर चालतो, टीव्हीबरोबर तोही जागा होतो आणि तयार बसलेला स्पीकर त्याला लगेच सापडतो. खेळ मध्येच थांबवून चहाला गेलात आणि परत आल्यावर आवाज नसेल, तर स्पीकर शांतता ऐकून स्वतःहून बंद झाला असेल. बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ स्पीकर असं करतात. तो पुन्हा चालू करा, बाकी कशालाही हात लावायची गरज नाही.