बांबूच्या नळीतून उभे राहिलेले रुग्णालय

दानाचे महत्त्व आपण वंदनेच्या वेळी नेहमीच ऐकतो; परंतु थेंबाथेंबाच्या दानातून रुग्णालय कसे उभे राहते, हे आमच्या विद्यार्थी बंधु-भगिनींनी जाणून घ्यावे. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन येथे भिक्खुणी चेंग येन यांनी १९६६ साली त्झू ची ही संस्था स्थापन केली. तीस गृहिणींनी बाजारखर्चातले पन्नास सेंट रोज बांबूच्या नळीत टाकायचे, एवढीच सुरुवात होती. महिन्याची रक्कम एकदम का नको? तर रोज टाकल्याने रोज करुणा जागते, असे त्यांचे उत्तर.

डोंगररांगेपलीकडच्या या भागात मोठ्या रुग्णालयाची वाण होती. एका जपानी गृहस्थाने त्यासाठी वीस कोटी डॉलर देऊ केले. भिक्खुणींनी ते नाकारले, कारण रुग्णालय अनेकांच्या हातांनी व्हायला हवे होते. (आपल्यापैकी कोणाला हे जमले असते?) १९८३ ची पायाभरणी वाया गेली, जागा लष्कराला हवी होती. १९८४ साली दुसरीकडे पुन्हा पाया घातला आणि १७ ऑगस्ट १९८६ रोजी रुग्णालय सुरू झाले. त्या काळी तेथे अनामत रक्कम भरल्याशिवाय रुग्णाला दाखल करून घेत नसत. या रुग्णालयाने ती अट काढून टाकली. दूरच्या भागात परिचारिका व डॉक्टर येईनात, म्हणून संस्थेने १९८९ साली परिचर्या विद्यालय आणि १९९४ साली वैद्यकीय महाविद्यालयही काढले.